दूध सोडलंस ते ठीक, गोळी सोडू नकोस

ताई, नमस्कार.

मी सोलापुरात बँकेत नोकरी करते. वय २८, सोळावा आठवडा चालू आहे. सासर सांगोला तालुक्यात, घर माळकरी, त्यामुळे मांस-अंडी कधीच नव्हती. तीन वर्षांपूर्वी मी दूध, दही, ताक, तूपही बंद केलं. घरी चार म्हशी आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत एकीला नर रेडकू झालं. दूध डेअरीला जायचं होतं, त्याला नीट पाजलं गेलं नाही आणि ते आठ-दहा दिवसांत मेलं. घरातले कुणी दुष्ट नाहीत, सगळीकडे असंच चालतं म्हणाले. पण त्यानंतर माझ्या घशाखाली दूध उतरेना.

आता सासूबाई रोज फोन करतात, “बाळासाठी तरी पेलाभर घे.” सासरे बागेतली डाळिंबं पाठवतात, रक्त वाढायला. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आलं. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, पण ती घेतली की मळमळतं आणि पोट साफ होत नाही, म्हणून पंधरा दिवसांपासून बंद आहे. मी रोज स्पिरुलिना घेते, घरी केलेलं बदामाचं दूध पिते, मीठ सैंधव वापरते. सकाळी पोहे किंवा उपमा, डब्यात चपाती आणि भाजी, रात्री भाकरी किंवा भात-आमटी. जेवणानंतर कोरा चहा लागतोच. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. पुढच्या महिन्यात सासूबाई राहायला येणार आहेत. माझ्या हट्टापायी बाळाचं काही कमी-जास्त तर होणार नाही ना?

– एक सून, सोलापूर

*

तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? माझी धाकटी लेक तुझ्याएवढीच आहे.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. दूध न पिता गरोदरपण नीट पार पडू शकतं. जगभर बायका ते करतात. पण तू आत्ता ज्या पद्धतीने करते आहेस, त्या पद्धतीने नाही. दुधाच्या जागी तू काहीतरी ठेवायला हवं होतंस, आणि ती जागा तीन वर्षं रिकामी आहे. बदामाच्या दुधाने आणि स्पिरुलिनाने ती भरलेली नाही.

या विषयावर जाणकारांचंही एकमत नाही, हेही सांगून टाकते. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली म्हटलं होतं की नीट आखलेला पूर्ण वनस्पतीजन्य आहार गरोदरपणातही चालतो. त्याच वर्षी जर्मनीच्या पोषण संस्थेने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना तो नको असं सांगितलं. दोघांची भांडणं मी बरीच वाचली आहेत. त्यातून मला कळलेलं एवढंच, की सगळं वजन ‘नीट आखलेला’ या दोन शब्दांवर आहे. जर्मनांना भीती होती की लोक आखत नाहीत. तुझं पत्र वाचून मला त्यांचं म्हणणं पटलं, रागावू नकोस.

एक गोष्ट मी पैजेवर सांगते. दवाखान्यात तुला विचारलं असेल, “व्हेज का नॉनव्हेज?” आणि तू म्हणाली असशील, “व्हेज.” झालं. आपल्याकडे शाकाहारी म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे वरण-भातावरचं तूप, ताकाचा पेला आणि सकाळचा दुधाचा चहा उभा राहतो. तुझ्या कागदावर ‘व्हेज’ लिहिलंय आणि डॉक्टर त्या हिशेबाने औषधं देताहेत. पुढच्या भेटीत खुर्चीवर बसल्या बसल्या पहिलं वाक्य हे बोल: “तीन वर्षं दूध, दही, ताक, तूप काहीही घेतलेलं नाही आणि बी-१२ची गोळीही कधी घेतली नाही.” मग हिमोग्लोबिन, मग बाकीचं. त्यांनी “मग दूध सुरू करा” असं म्हटलं तर वाद न घालता म्हण, “दूध घेणार नाही, त्याच्या बदली काय काय द्यावं लागेल ते लिहून द्या.” बहुतेक डॉक्टर देतात. आणि ही भेट लवकर घे, महिन्याभराने नको.

आता बी-१२. पत्रातल्या बाकी सगळ्या गोष्टी एकीकडे आणि ही एकटी एकीकडे.

हे जीवनसत्त्व कुठल्याही पालेभाजीत, कडधान्यात, फळात नाही. ते कुठला प्राणीही स्वतः तयार करत नाही. ते करतात जिवाणू. तुझ्या सासरच्या म्हशींच्या दुधात बी-१२ येतं ते त्यांच्या पोटातल्या जिवाणूंमुळे. म्हैस कडबा खाते, तिच्या पोटात ते जिवाणू त्यावर काम करतात आणि त्यातला वाटा दुधात उतरतो. आपल्या पोटात अशी सोय नाही. स्पिरुलिनात बी-१२ असल्याचं डब्यावर लिहितात, पण त्यातलं बहुतांश दिसायला बी-१२सारखं असून आपल्या शरीराला उपयोगी न पडणारं असतं. इडली-डोशाच्या आंबवणातून मिळतं म्हणणारेही भेटतील. त्या भरवशावर बाळ ठेवू नये.

आणि बी-१२ची गोळी म्हणजे तुझ्या तत्त्वाला धक्का, असं मनात आणू नकोस. औषधाच्या कारखान्यातही ते जिवाणूंकडूनच करून घेतात, टाक्यांमध्ये. म्हणजे म्हशीला मधून काढून टाकलं, एवढाच फरक.

यात पुण्याचा एक धडा आहे, तो तुला माहीत असावा. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदर व्हायच्या आधीपासून त्यांचं खाणं, वजन, रक्त तपासलं, पुढे त्यांच्या मुलांनाही वर्षानुवर्षं तपासत राहिले. या बायका तुझ्यामाझ्यासारख्याच, भाकरी-भाजी-आमटी खाणाऱ्या, शेतात राबणाऱ्या. त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी निघालं. आणि त्यांना दूध वर्ज्य नव्हतं, बरं का! २००८ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या आयांचं फोलेट (फोलिक अॅसिडच्या गोळीतून मिळतं तेच जीवनसत्त्व) भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी खूण सगळ्यांत जास्त दिसली.

याचा तुझ्याशी संबंध असा, की पहिल्या तीन महिन्यांत तुला फोलिक अॅसिडची गोळी दिली असणार आणि ती तू घेतली असशील. चांगलंच केलंस, बाळाच्या मज्जारज्जूसाठी ती लागतेच. पण फोलिक वर आणि बी-१२ खाली, अशी तुझी स्थिती असण्याची दाट शक्यता आहे. फोलिकमुळे रक्ताचं चित्र वरवर सुधारतं आणि नसांना बी-१२ कमी पडत राहतं ते झाकलं जातं. म्हणून बी-१२ची रक्ततपासणी करून घे. गरोदरपणात त्याचा आकडा आपसूक थोडा खाली येतो, तेव्हा तो डॉक्टरांनाच वाचू दे, मोबाईलवर शोधत बसू नकोस. गोळी की इंजेक्शन, किती दिवस, हे तेच ठरवतील. नंतर जे रोजचं प्रमाण ठरेल ते बाळ अंगावर पितंय तोवर आणि तू दूध घेत नाहीस तोवर चालू ठेवायचं. अंगावरच्या दुधात बी-१२ आईकडूनच येतं. आईकडेच नसेल तर काही महिन्यांनी बाळ मलूल होतं, हसणं-बसणं विसरतं, कधी हातपाय थरथरतात. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांनी अशी बाळं पाहिलेली आहेत. घाबरवायला सांगत नाही. काही रुपयांच्या गोळीने टळणारी गोष्ट आहे, म्हणून सांगते.

माझं मत अगदी स्पष्ट आहे: बी-१२ घेणार नसशील तर मी सासूबाईंच्या बाजूने. मग मुकाट्याने दूध पी. खरं तर तेवढ्यानेही भागणार नाही. पेलाभर दुधात एक मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ असतं आणि गरोदरपणी रोजची गरज अडीचच्या वर आहे. सासूबाईंना हे सांगताना मात्र जपून, ‘तुमच्या दुधात काही नाही’ असं ऐकू जायला नको.

आता ते ९.८. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात आणि १०च्या खाली गेलं की मध्यम प्रमाणात कमी. आपल्या देशात गरोदर बायकांतल्या निम्म्याहून जास्त या रांगेत आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ जणी दूध पितात, काही मटणही खातात. तेव्हा हा दोष तुझ्या दूध सोडण्याचा नाही. दुधात लोह नसल्यातच जमा आहे.

पण ते नुसतं लोहामुळेच कमी आहे, हे कशावरून? तुझ्या रक्ताच्या रिपोर्टवर एमसीव्ही नावाचा आकडा असेल, तांबड्या पेशींचा आकार सांगणारा. तांबड्या पेशी लहान असतील तर बहुधा लोहाची कमतरता, कधी थॅलेसेमियाचा वारसा. मोठ्या असतील तर फोलेट किंवा बी-१२. दोन्ही कमी असलं की आकडा मधोमध येतो आणि सगळं ठीक वाटतं. हे डॉक्टरांना विचार.

जाता जाता एक गोष्ट सांगते, मला फार आवडते. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत बसून ती गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा शोध घेत होती, याच मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाचा. औषध सापडलं ते यीस्टच्या अर्कात, पावाला लावून खातात त्या काळ्या चिकट पदार्थात. १९३१ साली तिने ते छापलं. त्यातलं गुणकारी द्रव्य पुढे पालकाच्या पानातून वेगळं काढलं आणि लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याला फोलिक नाव पडलं. बी-१२ वेगळं काढलं १९४८ साली, ते यकृतातून. एक पानात सापडलं, दुसरं यकृतात. तुझ्या ताटात पान आहे, यकृत नाही, म्हणून ती दुसरी गोळी.

लोहाची गोळी बंद केलीस ते मात्र चुकलं. म्हणजे बंद केलीस याहीपेक्षा, डॉक्टरांना न सांगता बंद केलीस हे चुकलं. या गोळ्या कितीतरी प्रकारच्या असतात. एक सोसली नाही तर दुसरी देतात, तरी जमलं नाही किंवा दिवस थोडे उरले असतील तर सलाइनमधून देतात. सरकारी कार्यक्रमातली लाल गोळी ६० मिलिग्रॅम लोहाची असते. ती चौथ्या महिन्यापासून रोज एक, सहा महिने घ्यायची आणि बाळंतपणानंतर पुन्हा सहा महिने. रक्त कमी असेल तर दिवसाला दोन. तुला किती, ते डॉक्टर सांगतील. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासा-दीड तासाने, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेऊन बघ. शौचाला काळी होते, त्याला घाबरायचं नाही. पोट साफ होण्यासाठी पाणी, पेरू, भिजवलेल्या मनुका, आणि चपातीऐवजी दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी. सोलापुरात राहून डब्यात चपाती नेतेस याचंच मला नवल वाटलं.

कोरा चहा जेवणावर नको. चहातलं टॅनिन ताटातलं लोह धरून ठेवतं. एक-दीड तासाने पी, दिवसाला दोन कपांच्या आत. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबर नको, दोघींचं पटत नाही. कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणाबरोबर, लोह रात्री.

सासऱ्यांच्या डाळिंबांचं काय? खा, आवडीने खा, सांगोल्याचं डाळिंब नाही म्हणायचं म्हणजे काय! पण त्याने रक्त वाढत नाही. लाल रंग सोडला तर डाळिंबात लोह नगण्य, बीटाचंही तेच. गुळाचा नुसता लौकिक. रक्ताला लागणारं लोह आपल्याकडे हिरव्या आणि तपकिरी रंगात येतं: राजगिऱ्याचा पाला, तांदुळजा, चाकवत, मेथी, हरभऱ्याचा पाला, मटकी, हुलगा, चवळी, तीळ. हे लोह शरीर सहजासहजी घेत नाही, त्याला आंबटाची, म्हणजे क जीवनसत्त्वाची, सोबत लागते. भाजीवर लिंबू पिळ, ताटात आवळ्याची किंवा कच्च्या कोबीची कोशिंबीर घे. कोशिंबिरीत दही नको असेल तर दाण्याचं कूट आणि लिंबू. आमटी, पालेभाजी लोखंडी कढईत कर. आंबट पदार्थात कढईचं लोहही थोडं उतरतं. कडधान्याला मोड आणले की त्यातलं लोह मोकळं होतं. मोड आलेली मटकी कच्ची मात्र खाऊ नकोस, दिवस राहिलेले असताना तर नाहीच. ओलाव्यात मोडांबरोबर नको ते जंतूही वाढतात. वाफवून घे.

प्रथिनांचा हिशेब तुझ्या पत्रावरून मी मांडून बघितला. चौथ्या ते सहाव्या महिन्यात तुला दिवसाला ५५ ग्रॅमच्या आसपास लागतील, शेवटच्या तीन महिन्यांत ६८च्या आसपास. हे आपल्याच राष्ट्रीय पोषण संस्थेचे आकडे, ५५ किलोच्या बाईसाठी. तुझ्या पोहे-चपाती-भातातून पंचवीस येत असतील, रात्रीच्या पातळ आमटीतून पाच. बदामाचं दूध तू आठ बदामांचं करत असशील तर त्यातून दोन. म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅमची तूट रोजची. बदामाच्या दुधाला दूध म्हणणं हा मोठाच गैरसमज आहे. रंग पांढरा, बाकी पाणी.

ही तूट भरायला बाजारातल्या पावडरीचे डबे नकोत. डब्यात भाजीबरोबर वाटीभर घट्ट मटकी किंवा चवळीची उसळ ने, नऊ ग्रॅम तिथेच आले. रात्रीची आमटी पातळ नको, घट्ट वरण कर. चार वाजता मूठभर भाजलेले शेंगदाणे, सात ग्रॅम. आठवड्यात तीन-चारदा टोफूची भुर्जी किंवा सोयावडीची भाजी. २५ ग्रॅम कोरड्या सोयावडीत तेरा ग्रॅम प्रथिनं असतात, शेवटच्या तीन महिन्यांत त्याचाच आधार होईल. सोयाबीनने बाळाला काही होतं, ही भीती मनातून काढ. जेवणात खातो तेवढ्याने काही होत नाही. एखाद्या दिवशी पिठलं. पिठलं-भाकरीला लोक गरिबाचं जेवण म्हणतात, पण डाळ आणि धान्य एकत्र आलं की एकाचं उणं दुसरं भरून काढतं. तुझ्या आजीला हे न शिकता येत होतं.

हुलगा मी मुद्दाम वेगळा काढून ठेवला होता. तुझ्या सासरी हुलग्याचं माडगं आणि शेंगोळे होत असणारच. कडधान्यांत लोहाला हुलगा चांगला आणि कॅल्शियमला बहुतेक डाळींपेक्षा सरस. ‘हुलगा उष्ण, गरोदर बाईला नको’ असं कुणी म्हणेल. मी दवाखान्यात तीस वर्षं आहार सांगितला, वाटीभर शेंगोळ्यांनी कुणाचं काही बिघडलेलं पाहिलं नाही.

कॅल्शियम रोज हजार मिलिग्रॅम लागतं. दूध नसेल तर ते जमवावं लागतं, आपोआप येत नाही. पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठाची एक भाकरी किंवा आंबील, साधारण १७५. दीड मोठा चमचा न सोललेल्या तिळाची चटणी, १५०च्या आसपास. शेवग्याचा पाला, मेथी, हुलगा यांतून आणखी शे-दोनशे. पालक लोक कॅल्शियमसाठी खातात, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते बांधून ठेवतं, त्यावर विसंबू नकोस. उरलेलं गोळीतून. सरकारी पद्धतीत चौदाव्या आठवड्यापासून ५००ची गोळी दिवसातून दोनदा देतात, दूध पिणाऱ्या बायकांनाही. बाजारातलं सोया दूध घेणार असशील तर पाकिटामागे कॅल्शियम आणि बी-१२ घातलंय का ते वाच. घरच्या सोया दुधात ते नसतं. आणि हिरवा ठिपका म्हणजे दूधविरहित नव्हे. दूध नसलेल्या पदार्थांसाठी २०२२च्या नियमांत वेगळं चिन्ह आहे, हिरवा इंग्रजी ‘व्ही’ आणि त्यावर पान.

मीठ बदल. आजच. साध्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं आणि तुझं दूधही बंद, म्हणजे आयोडीनची दोन्ही दारं बंद. बाळाच्या मेंदूची घडण थायरॉइडवर आणि थायरॉइड आयोडीनवर चालतं. साधं पांढरं आयोडीनयुक्त मीठ आण, प्रमाणात घाल, आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घे.

जवसाची चटणी रोज चमचाभर खा, बाळाच्या मेंदूला लागणाऱ्या ओमेगा-३ स्निग्धांची सुरुवात तिथून होते. पुढचं रूप, डीएचए, शरीर त्यातून फारच थोडं बनवतं. शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या कॅप्सूल मिळतात, डॉक्टरांना विचारून घे. ड जीवनसत्त्वाचंही विचार.

इथे तुला एक अडचण येईल. कॅप्सूलचं वेष्टन जिलेटिनचं असतं, ड जीवनसत्त्व पुष्कळदा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढलेलं असतं. पर्याय मिळाला तर मागून घे, ‘व्हेज कॅप्सूल’ म्हटलं की दुकानदाराला कळतं. नाही मिळाला तर अडून बसू नकोस. ‘व्हेगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमधल्या ज्या संस्थेने काढला, तिच्या व्याख्येतच ‘जितकं शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ असं म्हटलं आहे. औषधाच्या बाबतीत त्यांनीच दिलेली सवलत तू घे.

राहता राहिल्या सासूबाई.

त्या घरातल्या चार म्हशींवर तुझ्या नवऱ्याचं शिक्षण झालं असेल, पहाटे उठून त्यांनीच शेण काढलं असेल, धारा काढल्या असतील. त्यांच्यासाठी दुधाचा पेला म्हणजे हातात असलेली सगळ्यांत चांगली वस्तू. तू ‘दूध नको’ म्हणतेस तेव्हा त्यांना ‘तुमचं नको’ असं ऐकू जातं. त्या रेडकाचं तुला जे वाटलं ते खोटं नाही. पण ते आता, या चार-पाच महिन्यांत, जेवणाच्या ताटावर काढू नकोस. रेडकाचा हिशेब नंतर शांतपणे बोलता येईल. एखादे वेळी त्यांनाही त्याचं वाईट वाटलं असेल, विचारलंय का कधी?

उलट त्यांना काम दे. फोन कर आणि म्हण, “आत्या, डॉक्टरांनी हुलगा आणि तीळ खायला सांगितलेत, येताना घरचे आणा. तुमच्या हातचं माडगं मला जमत नाही.” जवस, कारळ, शेंगा कुटलेली चटणी, वाळवलेला हरभऱ्याचा पाला, चुलीवरची नाचणीची भाकरी... दुधाशिवाय त्यांच्या स्वयंपाकघरात किती आहे, हे त्यांनाही एकदम दिसत नसेल. वर सांगितलेलं पुण्याचं संशोधन त्यांना सांगायचं झालं तर हेही सांग, की त्याच गावांत ज्या बायका पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं भरलेली निघाली. हो, यादीत दूधही होतं, ते लपवत नाही. तू त्यातलं एक काढलंस, म्हणून उरलेली दोन दुप्पट मन लावून खायची.

दूध-केशराने बाळ गोरं होतं, असं त्या म्हणाल्या तर हस आणि विषय बदल.

तुझ्या नवऱ्यालाही दोन शब्द. ‘तुझं तू ठरव’ हे ऐकायला उदार वाटतं, पण त्याचा अर्थ ‘माझ्या आईशी तूच बोल’ असा होतो. पुढच्या तपासणीला त्याने यावं, गोळ्यांच्या वेळा त्याने लिहून घ्याव्यात, आणि आईला पहिला फोन त्याने करावा: “आई, ती दूध घेणार नाही, पण त्याच्या बदली जे हवं ते डॉक्टरांनी लिहून दिलंय आणि ती घेतेय.” लेकाच्या तोंडून हे वेगळं ऐकू येतं.

बाळंतपणानंतर डिंकाचे, अळिवाचे लाडू येतील. ते आत्ता गरोदरपणात नकोत, त्या वेळीच खायचे. तेव्हा तुपाचा प्रश्न येईल. डिंक शेंगदाण्याच्या तेलात छान फुलतो आणि अळिवाच्या लाडवाला ओला नारळ आणि गूळच लागतो, तूप घातलं नाही तरी तो वळतो. मी दोन्ही करून बघितले आहेत, तेलातला डिंकाचा लाडू दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

सातव्यात डोहाळजेवण ठरेल तेव्हा मेनू तू आधीच सांगून टाक, म्हणजे ऐनवेळी बासुंदीवरून कुणाचा चेहरा पडायला नको. नारळाच्या दुधातली शेवयांची खीर, पुरणपोळीवर तुपाऐवजी कटाची आमटी, मसालेभात, अळूवडी, तिळाची चटणी. पाच-सहा पदार्थांत दूध नाही हे निम्म्या बायकांच्या लक्षातही येणार नाही. बी-१२चा आणि हिमोग्लोबिनचा नवा आकडा आला की मला कळव. आणि हो, लोहाची गोळी आज रात्रीपासून पुन्हा चालू कर. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून, तीच ठेवायची की बदलायची, तेही विचारून घे.